एफएओचा दर महिन्याचा धान्याचा ताळेबंद : पोळीभाजी केंद्र चालवणारीचा रिव्ह्यू

मिक्सर, घरघंटी, बिर्याणीवाले यांचे रिव्ह्यू भरपूर वाचलेत मी, पण ज्या एका गोष्टीने माझ्या धंद्याला खरा हात दिलाय तिच्याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून आज बसलेच लिहायला. ती गोष्ट म्हणजे एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा, धान्याच्या पुरवठा-मागणीचा मासिक ताळेबंद. फुकट आहे, नेटवर कुणालाही उघडता येतो, थोडा मजकूर आणि खाली तक्ता, बस. जगात यंदा किती गहू, तांदूळ, मका पिकेल, माणसं आणि जनावरं मिळून किती खातील, देशादेशांत किती विकलं जाईल आणि हंगाम संपताना कोठारात किती उरेल, एवढंच त्यात असतं. माझं मत आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार, आणि जो कोणी धान्य पोत्याने घेतो, मेसवाले, केटरर, इडलीवाले, बेकरीवाले, त्या प्रत्येकाने हा वाचावा. पण मुंबईत बसून तो कसा वाचायचा हे कळलं नाही तर अर्थ भलताच निघतो, आणि त्याच्यासाठीच हा रिव्ह्यू जरा लांबलाय, वेळ काढून वाचा.

आमचं केंद्र परळला. गिऱ्हाईक दोन प्रकारचं, एक ऑफिसला जाणारं, डबा करायला वेळ नाही म्हणून पोळ्या नेणारं, आणि दुसरं म्हणजे इथल्या हॉस्पिटलांत गावाहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, जे संध्याकाळी चार पोळ्या आणि एक भाजी घेऊन तिघांत खातात. या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी पोळी एका रुपयाने वाढवायची म्हटलं तरी माझ्या पोटात कालवतं. त्यामुळे गहू कधी घ्यायचा, किती घ्यायचा, आत्ता थांबायचं की चार कट्टे जास्तीचे टाकून ठेवायचे, हा माझ्यासाठी फार मोठा प्रश्न आहे, आणि मुंबईत जागेची बोंब असल्यामुळे वर्षाचं धान्य एकदम भरून, एरंडेल लावून ठेवण्याची चैन गावाकडे होती ती इथे नाहीच.

2022 सालचं सांगते म्हणजे कळेल. त्या वर्षी एप्रिलमध्ये नवा गहू आला तेव्हा कट्टा सोडून मी नेहमीप्रमाणे मूठभर तळहातावर घेतला तर दाणा बारीक, पोट आत गेलेलं, मधली चीर खोल, आणि फुंकर मारली की दोनचार दाणे उडून जायचे इतके हलके. दळून आणला तर कोंडा जास्त, कणीक मळताना पाणी वेगळंच मागायची, पोळी तव्यावर फुगायची पण डब्यात दोन तासांत कडक. लाटणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, हा गहू भाजलाय शेतातच." अगदी तेच झालं होतं. मार्च 2022 हा देशात 1901 पासूनचा सगळ्यात गरम मार्च ठरला, नेमका दाणा भरायच्या वेळी उन्हाने पीक होरपळलं. सरकारी खरेदी आदल्या वर्षी 433 लाख टन होती ती 188 लाख टनांवर आली. तिकडे युक्रेनचं युद्ध पेटलेलं, काळ्या समुद्रातली बंदरं बंद, आणि एफएओचा खाद्यपदार्थांच्या भावांचा निर्देशांक मार्च 2022 मध्ये 160 च्या आसपास गेला, 2014-16 चा सरासरी भाव 100 धरला तर. हा निर्देशांक सुरू झाल्यापासूनची ती सगळ्यात वरची पातळी. मग 13 मे 2022 ला आपल्या सरकारने गव्हाची निर्यातच बंद केली.

तेव्हापासून मी हे वाचायला लागले, कारण माझ्या लक्षात आलं की भाव वाढल्यावर दुकानदार जे कारण सांगतो ते खरं असतं पण अर्धं असतं, आणि उरलेलं अर्धं जगभरातल्या लोकांनी मेहनत घेऊन आधीच मांडून ठेवलेलं असतं.

आता वस्तूकडे येते. सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो, भावांच्या निर्देशांकाबरोबरच, आपल्याकडे तेव्हा दुपार असते, म्हणजे दुपारचं काम उरकून चहा घेताना वाचायला बरोबर. त्यात धान्याचे तीन गट. गहू, तांदूळ आणि तिसरा भरडधान्यांचा, ज्यात मका, बार्ली, ज्वारी, बाजरी, ओट असं सगळं एकत्र. तांदूळ साळीत नाही मोजत, भरडून निघालेला तांदूळ धरतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर दुसरीकडच्या आकड्याशी मेळ बसत नाही.

वरचा मजकूर वाचून थांबू नका. पेपरवाले तेवढाच उचलतात. 2025 च्या शेवटी बातमी काय आली, तर जगाचं धान्य उत्पादन पहिल्यांदाच 300 कोटी टनांच्या पलीकडे. खरं आहे, डिसेंबर 2025 च्या अंकात 2025 सालच्या उत्पादनाचा अंदाज 300 कोटी 30 लाख टनांचा होता. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते तक्त्यातले शेजारशेजारचे दोन रकाने, मागच्या वेळचा अंदाज आणि आत्ताचा अंदाज. त्यांच्यातला फरक बघा. त्याच 2025 च्या पिकाचा अंदाज जुलैत 292 कोटी टनांच्या आसपास होता, नोव्हेंबरात 299 झाला, डिसेंबरात 300 पार. दर वेळी वरच जातोय म्हणजे पीक लोकांना वाटलं त्याहून बरं येतंय आणि बाजार नरम राहणार. उलट दर महिन्याला थोडं थोडं खाली येत असेल तर आकडा कितीही मोठा दिसो, मी जास्तीचा कट्टा घेऊन ठेवते. आपला अंदाज बदलला हे इतक्या उघडपणे, जुना आकडा शेजारी ठेवून सांगणारे मी फार कमी बघितलेत, आणि एक स्टार मी फक्त त्याचा देते.

300 कोटी टन म्हणजे किती ते डोक्यात बसत नाही ना, तर असं बघा. जगात माणसं आहेत साधारण 820 कोटी. भागाकार केला तर माणशी वर्षाला 365 किलो, म्हणजे रोज एक किलो धान्य, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला. एक किलो! माझ्याकडे जेवायला येणारा भरपेट जेवला तरी दिवसाला त्याच्या निम्मं धान्य संपत नाही. मग जातं कुठे? वापराच्या भागात त्याचं उत्तर आहे. माणसाच्या पोटात थेट जातं ते निम्म्याहून कमी. एक तृतीयांशाहून जास्त कोंबड्या, डुकरं, गुरं यांच्या खाद्याला, आणि बाकीचं इथेनॉल, स्टार्च, बियाणं, नासाडी असं. आणि एवढं पिकूनसुद्धा 2024 साली जगात 67 कोटींहून जास्त लोक उपाशीपोटी राहिले असा याच संस्थेचा अंदाज आहे. एफएओची वर्षातून तीनदा निघणारी दुसरी एक पत्रिका आहे, त्यात बाहेरून अन्नाची मदत लागणाऱ्या देशांची यादी असते, चाळीसहून जास्त देश, त्यातले बरेच आफ्रिकेतले, आणि कारणं बघाल तर लढाई, दुष्काळ, पैशाची पडझड. महिन्याच्या ताळेबंदात हे कुठेच दिसत नाही. बेरीज बरोबर आहे पण वाटप दिसत नाही, आणि मला वाटतं त्या 300 कोटींच्या शेजारी हा एक आकडा दर महिन्याला छापायलाच पाहिजे, चार ओळींची जागा लागेल फक्त.

आता शिल्लक. हा या सगळ्याचा गाभा आहे. हंगाम संपताना जगात किती धान्य उरेल आणि ते वर्षाच्या वापराच्या किती टक्के, हे गुणोत्तर ते देतात, आणि डिसेंबरच्या अंकात ते 31 टक्क्यांच्या आसपास होतं. साठा 92 कोटी टनांच्या घरात. ऐकून वाटतं चला, जवळपास चार महिन्यांचं धान्य शिल्लक आहे, चिंता मिटली. पण थांबा. यातला फार मोठा वाटा चीनमध्ये आहे, गव्हाचा जवळजवळ निम्मा आणि मक्याचा तर त्याहून जास्त, आणि चीन ते धान्य बाहेर विकत नाही, स्वतःसाठी ठेवतो. शेजारणीच्या कपाटातल्या डब्यांवर आपण आपला महिना काढू शकत नाही, तसंच ते. म्हणून मी सरळ तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर जाते, तिथे मोठ्या निर्यातदार देशांकडच्या साठ्याचं गुणोत्तर वेगळं दिलेलं असतं, त्यांचा स्वतःचा वापर अधिक निर्यात यांच्याशी ताडून. खरी गोष्ट तिथे कळते, कारण अडचणीच्या वेळी जगाला विकायला पुढे येणारा माल तोच.

त्या ओळीखाली कोणते देश धरलेत ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेही वाचा. गव्हाच्या यादीत अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, युरोपियन युनियन, कझाकस्तान, रशिया, युक्रेन, अमेरिका. भारत नाही. तांदळाच्या यादीत मात्र भारत, पाकिस्तान, थायलंड, व्हिएतनाम, अमेरिका. आपण गहू 11 कोटी टनांच्या वर पिकवतो, जगात चीननंतर आपणच, पण जगाच्या गव्हाच्या बाजारात आपण जवळजवळ नाही. या दोन याद्यांतला फरक समजला की मुंबईतल्या भावाचं बरंचसं कोडं सुटतं.

गव्हाचं कोडं म्हणजे असं की जगात रेकॉर्ड पीक, पण माझा लोकवन काही त्या मानाने उतरत नाही. वाशीच्या दाणाबंदरात मी ज्यांच्याकडून घेते त्या शेठना विचारलं, "शेठ, जगात गहू पडून आहे म्हणतात, मग इथे का खाली येत नाही?" ते म्हणाले, "ताई, जगाचा गहू आपल्या दारात येतो कुठे? चाळीस टक्के ड्युटी आहे. तुम्ही एफसीआयकडे, म्हणजे सरकारी अन्न महामंडळाकडे, माल किती पडलाय ते बघा आणि लिलाव कधी निघतोय ते बघा." इतक्या वर्षांत त्यांनी मला चुकीचं काही सांगितलेलं आठवत नाही आणि यातही ते बरोबर आहेत. हिशोब करून बघा. 2025 च्या उत्तरार्धात जगाच्या बाजारात गहू बंदरावर टनाला सव्वादोनशे ते अडीचशे डॉलर, म्हणजे किलोला वीस-बावीस रुपये. त्याच्यावर जहाजाचं भाडं, मग चाळीस टक्के आयात कर, मग बंदरापासून गिरणीपर्यंतचा खर्च, तो इथे तिशीच्या पुढेच पडतो. आपला हमीभाव त्या हंगामाला क्विंटलला 2,425 रुपये होता, पुढच्या हंगामाला 2,585 जाहीर झाला. म्हणजे बाहेरचा स्वस्त गहू आत येऊ शकत नाही, आणि 2022 पासून आतला बाहेर जाऊ शकत नव्हता, 2025 संपेपर्यंत तरी बंदी होती. दोन्ही बाजूंनी भिंत. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर आयात करावरची माझी तक्रार नाही, हमीभावाखाली बाहेरचा माल ओतला तर मध्य प्रदेश, पंजाबातला शेतकरी गहू लावेल कशाला? पण भिंत आहे हे आपल्याला माहीत पाहिजे, म्हणजे जगाचा आकडा वाचून खोटी आशा धरायची नाही.

म्हणून गव्हापुरता या ताळेबंदाचा मला थेट उपयोग कमी, आणि तिथे मी घरचीच आकडेवारी बघते. 1 एप्रिल 2024 ला सरकारी कोठारात गहू फक्त 75 लाख टन होता, सोळा वर्षांतला सगळ्यात कमी, बफरच्या, म्हणजे किमान राखीव साठ्याच्या, रेषेला जेमतेम टेकलेला. तेव्हा जगात गहू स्वस्त होत चालला होता आणि मुंबईत महाग. त्याआधी 12 जून 2023 पासून व्यापाऱ्यांवर लावलेली साठ्याची मर्यादा, गिरण्यांना सरकारी गव्हाचे लिलाव, नोव्हेंबर 2023 पासून 27 रुपये 50 पैसे किलोचा सरकारी भारत आटा, हे सगळं रिकाम्या होत चाललेल्या कोठारामुळेच आलेलं. 2025 मध्ये खरेदी 300 लाख टनांपर्यंत गेली आणि बाजाराला जरा श्वास मिळाला. पोळीचा भाव ठरवणारी गोष्ट ही, एफएओच्या रोमहून निघणाऱ्या कागदात ती एका ओळीचीही नसते, आणि असायचं कारणही नाही, त्यांनी सगळं जग बघायचंय.

तांदळाला मात्र हा ताळेबंद सोन्यासारखा. जगात तांदूळ पिकतो 55 कोटी टनांच्या वर, पण सीमा ओलांडून विकला जातो जेमतेम 6 कोटी टन, म्हणजे दर दहा किलोतला एखादा किलो, आणि त्या 6 कोटींतला चाळीस टक्क्यांच्या आसपास एकट्या भारताचा. इतका बारीक बाजार असेल तर दिल्लीतल्या एका कागदाने मनिलापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत भात महाग होतो, आणि झालाच. 20 जुलै 2023 ला आपण बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर 20 टक्के कर लावला, आणि 2024 च्या सुरुवातीला जगातले भाव पंधरा वर्षांत नव्हते इतके चढले. सप्टेंबर 2024 मध्ये बंदी उठवली, मार्च 2025 मध्ये तुकडा तांदूळही मोकळा केला, त्यात आपल्याकडे 1,500 लाख टनांचं पीक, आणि 2025 मध्ये एफएओचा तांदळाचा निर्देशांक सरासरीने 2024 पेक्षा एक तृतीयांशाहून जास्त खाली. हे सगळं महिन्या-महिन्याने या कागदात उलगडत जाताना मी वाचलंय, आणि खरं सांगते, एखाद्या मालिकेपेक्षा जास्त गुंतून वाचलंय. तिकडे आफ्रिकेत एखादी बाई माझ्यासारखीच भात विकत असेल आणि आपल्या एका निर्णयाने तिचं गणित बिघडलं असेल, हा विचार त्या वेळी रोज यायचा.

पण इथेही मुंबईकरांनी एक लक्षात ठेवायचं. जगाच्या बाजारातला तांदूळ म्हणजे मुख्यतः लांब दाण्याचा पांढरा, उकडा आणि वेगळा बासमती. आपला वाडा कोलम, इंद्रायणी, आंबेमोहोर त्या गणतीत नावाने नाहीत, त्यांचा भाव त्यांच्या त्यांच्या टापूतल्या पिकावर आणि जुना-नवा किती यावर. त्यामुळे जगात तांदूळ एक तृतीयांश उतरला म्हणून कोलमवाल्याशी भांडू नका, तो तितका उतरणार नाही. माझ्या अनुभवात साधा, मेसला चालणारा तांदूळ मात्र जगाच्या वाऱ्याबरोबर हलतो, दोनतीन महिने मागून. तेवढी आधी सूचना मिळणं मला पुरतं.

मक्याबद्दल थोडक्यात. आपण मका खातो कुठे असं वाटेल, पण अंडाकरी ठेवणाऱ्यांनी वाचाच. मका कोंबडीचं खाद्य, आणि आता इथेनॉललाही जातोय. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचं लक्ष्य गाठताना आपल्याकडे मक्याला एवढी मागणी आली की नेहमी मका विकणाऱ्या आपल्या देशाने 2024 मध्ये म्यानमार आणि युक्रेनहून मका आणला. अंड्याचा ट्रे वर गेला की थंडीचं कारण सांगतात, थंडी असतेच, पण मका पण असतो.

माझी मोठी नाराजी ज्वारीवर आहे. आमच्याकडे डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून भाकरी मागणारे फार वाढलेत, आणि ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा महाग विकावी लागते याचं मला रोज वाईट वाटतं, कारण एके काळी ते गरिबाचं धान्य होतं. या ताळेबंदात ज्वारी भरडधान्यांच्या 160 कोटी टनांत गडप होते. जगातली सगळी ज्वारी मिळून 6 कोटी टनांच्या आसपास आणि मका सव्वाशे कोटींच्या पुढे, मग दिसणार कशी? वेगळा आकडा शोधला तरी तो बराचसा अमेरिकेतल्या ज्वारीचा आणि चीन ती गुरा-डुकरांना घालायला किती घेतो याचा. सोलापूर, मंगळवेढा, बार्शीच्या मालदांडी ज्वारीचं काय होणार हे परतीचा पाऊस किती ओल धरून ठेवतो यावर ठरतं, आणि ते तुम्हाला तिकडच्या बाजार समितीचे भावच सांगतील. 2023 हे वर्ष भारताच्याच पुढाकाराने जगभर ज्वारी-बाजरीसारख्या पौष्टिक तृणधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. त्याच्यानंतर तरी ज्वारी-बाजरीला मासिक तक्त्यात स्वतःची ओळ मिळायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. कापलेला एक स्टार तो यासाठी.

भाषेचंही सांगायला हवं. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, अरबी, चिनी, रशियन या संयुक्त राष्ट्रांच्या भाषा, त्यात हिंदीही नाही, मराठी तर सोडाच. मी मुलाला शेजारी बसवून सुरुवातीचे अंक वाचले, पण शब्द तेच तेच येतात, दोनतीन अंकांत सवय होते. आकडे दशलक्ष टनात असतात, दहाने भागलं की कोटी टन, एवढं जमलं की झालं. आपल्याकडे एवढी कृषी विद्यापीठं, एवढी बाजार समित्यांची मंडळी, दर महिन्याला या एका पानाचं मराठी आणि शेजारी महाराष्ट्रातली चार पिकं, इतकं कुणी करून टाकलं तर लासलगावपासून लालबागपर्यंत लोक वाचतील.

याच कामाच्या दुसऱ्या सेवाही आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याचा महिन्याचा अहवाल जास्त खोल, देशवार आकडे, सट्टेबाज त्याच्यावरच उड्या मारतात, पण माझ्यासारखीला फार जड, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिकडे सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हा तो अहवाल निघालाच नाही. जगभरचे व्यापारी इतके अवलंबून असलेली गोष्ट अशी एका महिन्यात गायब होते, म्हणून एकाच ठिकाणी भरवसा ठेवू नये. लंडनच्या आंतरराष्ट्रीय धान्य परिषदेचाही एक अहवाल येतो. आणि या सगळ्यांना एका जागी आणणारा म्हणजे अॅमिसचा, शेतमालाच्या बाजाराची माहिती गोळा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचा, मार्केट मॉनिटर. 2007-08 आणि 2010 च्या भाववाढीत देश घाबरून एकमेकांना न सांगता निर्यात बंद करत सुटले, त्यातून धडा घेऊन जी-20 च्या कृषिमंत्र्यांनी 2011 मध्ये अॅमिस काढलं, कचेरी एफएओच्याच रोमच्या इमारतीत. गहू, मका, तांदूळ, सोयाबीन ही चार पिकं, वर्षाला दहा अंक, जानेवारी आणि ऑगस्ट सोडून. त्यात तिन्ही संस्थांचे आकडे शेजारी शेजारी असतात आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक आकड्याखाली दुसऱ्या ओळीत चीन वगळून जग, म्हणजे वर मी म्हणाले ती भानगड तिथे आयती सोडवून ठेवलीय. शिवाय पिकांचा नकाशा, हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे वाईट. वाचायचा कंटाळा असेल तर नुसता नकाशा बघा, तरी पुष्कळ कळतं. मावशींना मी तोच दाखवते, पंजाब हिरवा दिसला की त्या खूष.

तेल वेगळं असतं, ते भावांच्या निर्देशांकात मिळेल, पण पोळीभाजीवाल्यांनी सोडू नका. गव्हाला जशी भिंत आहे तशी तेलाला नाही, आपण लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, त्यामुळे तिकडे हललं की इथे डबा हलतोच. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियाने पामतेल थांबवलं तेव्हा ते आम्हाला लगेच जाणवलं. सप्टेंबर 2024 ला आपण आयात कर वाढवला, मे 2025 अखेर कच्च्या खाद्यतेलावरचा कमी केला, दोन्ही वेळा डब्यावर दिसलं.

तर कुणी वाचावा? महिन्याला पाच किलो आटा पाकीट आणणाऱ्याने नाही वाचला तरी चालेल, भाव पटकन त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि पोचला तरी करण्यासारखं हातात फार नसतं. पण मेस, कॅन्टीन, बेकरी, इडली-डोशाचं पीठ विकणारे, बचत गटाच्या बायका, सोसायटीत एकत्र मिळून धान्य मागवणारे, यांनी नक्की. तांदूळ आणि तेलासाठी थेट, मक्यासाठी अंडी-चिकनवाल्यांनी, आणि गव्हासाठी एफसीआयच्या साठ्याच्या आकड्याबरोबर जोडून. नुसत्या याच्यावर गहू घेऊ नका.

सुरुवात करायची असेल तर एप्रिलच्या अंकापासून करा, कारण तेव्हा उत्तर गोलार्धातल्या गव्हाचं चित्र स्पष्ट व्हायला लागतं आणि आपल्याकडेही नवा गहू बाजारात असतो. फोन आडवा धरा, खाली तक्त्यावर जा, आधी मागचा आणि आत्ताचा अंदाज, मग शेवटची निर्यातदारांची ओळ, मजकूर सगळ्यात शेवटी. ज्यांना इंग्रजीमुळे अडतं त्यांनी खाली कमेंटमध्ये विचारा, तांदूळ आणि गव्हाच्या ओळी मी दर महिन्याला मराठीत टाकायला तयार आहे, ज्वारीचे बार्शी-सोलापूरचे भाव कुणी नियमित टाकणार असेल तर तेही जोडू.